गाडीला खोटं बोलायला शिकवू नका!

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये सध्या दोनच विषय हिट आहेत. एक अप्रेझल आणि दुसरा रिमॅप! पहिल्यात आपल्या हातात काहीच नसतं, म्हणून बहुधा सगळी हौस दुसऱ्यावर भागवली जाते. ‘मॅप मारून घेतला यार, आता गाडी काय सुटते माहितीये!’ असं कुणीतरी वडापाव खाता खाता सांगतो आणि मग टेबलावर स्टेज वन, ट्यूनिंग बॉक्स, टॉर्क असे शब्द उडायला लागतात. ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या गाडीतली निम्मी ताकद कंपनीनं लॉकरमध्ये ठेवलीय आणि त्याची किल्ली कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये आहे.

हे फॅड फक्त पुण्या-मुंबईचं आहे असा तुमचा समज असेल, तर आमच्या हिंगोलीला या एकदा. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ, नर्सी नामदेव, वसमतची हळद आणि दसऱ्याचं प्रदर्शन ही आमची ओळख. गाड्यांच्या पाटीवर एमएच-३८. आता त्यात आणखी एक भर पडलीय. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजायची जिद्द! तर अशा आमच्या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असणं काही पाप नाही. फक्त ते कुठं लावायचं, हा प्रश्न आहे.

माझ्या आत्तेभावाचं छोटं गॅरेज आहे. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, चार वर्षं नांदेडला हाताखाली काम केलं आणि मग स्वतःचं शटर उघडलं. सुरुवातीला पाने, जॅक आणि ग्रीसचा डबा. आता त्याच टेबलावर लॅपटॉप, स्कॅनर आणि वायरींचं जंगल. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

‘ताई, मामाची गाडी लई आचके द्यायली. लॅपटॉप लावून मॅप मारू का? अर्ध्या तासाचं काम हाय. मामा म्हणले, ताईला विचार.’

मामा म्हणजे माझे बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच बंद केला. तेव्हा एएमटी गाडी घेतली. वसमतकडच्या शेतात जायला, बँकेत, लग्नाकार्यात, सगळीकडे ती गाडी. आई गेल्यापासून तर ती गाडी म्हणजे त्यांचं घराबाहेर पडायचं एकमेव निमित्त. ‘मी येतो की गाडी घेऊन’ हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कसा होतो, ते मला फोनवरही कळतं. त्यामुळे आचके बंद होणं मलाही हवं होतं. पण या एका गाडीवर प्रयोग म्हटल्यावर मी ‘हो’ म्हणायच्या आधी थोडा अभ्यास करायचं ठरवलं. पुण्यातले दोन इंजिनीअर मित्र, भावाशी रोज रात्रीचे फोन आणि बरंच वाचन. त्यातून जे कळलं, ते तुमच्याही कामाचं आहे.

डावा पाय कुणाच्या ताब्यात?

आधी बेसिक फंडा. ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या यंत्रांना वापरतो. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी. यातली एएमटी सगळ्यात स्वस्त. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओ आणली आणि मग मध्यमवर्गाच्या आवाक्यात ऑटोमॅटिक आली. स्वस्त का? कारण आत गिअरबॉक्स साधाच, तुमच्या-आमच्या मॅन्युअल गाडीचा. क्लचही तोच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी अ‍ॅक्च्युएटर बसवलेले. त्यांना हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर, त्याचं नाव टीसीयू.

म्हणजे तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, तेव्हा टीसीयू गाडीचा स्पीड, इंजिनाचा आरपीएम, तुमचा पाय किती खाली आहे हे सगळं बघतो. मग इंजिनाला सांगतो, जरा दम धर. क्लच सोडवतो, गिअर बदलतो, क्लच पुन्हा धरतो. या मधल्या क्षणात चाकांकडे ताकदच जात नाही. म्हणून तो प्रसिद्ध आचका आणि मान पुढे-मागे! क्लच नेमका कुठं पकडायला लागतो, त्या जागेला मेकॅनिक लोक ‘बाइट पॉइंट’ म्हणतात. क्लच झिजत गेला की ही जागा सरकते आणि टीसीयूला ती पुन्हा शिकावी लागते.

आता मुद्दा बघा. मॅन्युअल गाडीत काही बिनसलं तर आपण झटकन क्लच दाबतो. शेवटचा निर्णय आपल्या डाव्या पायात असतो. एएमटीत ते पेडलच नाही. बाबांनी आपला डावा पाय त्या कॉम्प्युटरला देऊन टाकलाय. भर बाजारात समोर हातगाडी, बाजूला शाळेची पोरं आणि गाडी ‘डी’मध्ये हळूहळू पुढे सरकतेय, तेव्हा क्लच किती सुटला पाहिजे हे ठरवणारा बाबा नाहीत, टीसीयू आहे. त्याच्या डोक्यात काय भरायचं, हा काही पिक-अपच्या हौसेचा विषय नाही.

अमेरिकेतले उद्योगी

मग जगात घरी बसून हे कुणी करतच नाही का? करतात की! अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा ईसीयू लोकांना स्वतः सोल्डर करता येईल असा तयार केला. त्याच घराण्यात पुढे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवणारा ‘मेगाशिफ्ट’ आला. आणि अर्दुइनोच्या बोर्डावर चालणारा ‘स्पीडुइनो’ तर कुणीही पाहावा, बनवावा असा खुला.

या मंडळींचा आवडता गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा फोर-एल-सिक्स्टी-ई. त्याची गंमत ऐका. चार गिअर निवडायला फक्त दोन सोलेनॉइड. दोन्ही चालू, पहिला गिअर. पहिलं बंद आणि दुसरं चालू, दुसरा. दोन्ही बंद, तिसरा. पहिलं चालू आणि दुसरं बंद, चौथा. झाले चार गिअर! दोन बटणांचं गणित, शाळेतल्या पोरालाही जमेल. अवघड भाग वेगळाच आहे. आतल्या क्लचेस घट्ट धरून ठेवायला तेलाचा दाब किती द्यायचा? कमी दिला तर क्लच घसरतात आणि जळतात. जास्त दिला तर प्रत्येक गिअरला कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं वाटतं. आणि बरोबर दाब किती, हे कळायला इंजिन त्या क्षणी किती टॉर्क देतंय ते माहीत हवं.

थोडक्यात, गिअरबॉक्स चालवायचा तर इंजिनाबद्दलची खरी बातमी पाहिजे. सगळी गोष्ट इथंच येऊन अडते.

दोन कॉम्प्युटरची मैत्री

आजच्या गाडीत इंजिनाचा ईसीयू आणि गिअरबॉक्सचा टीसीयू ‘कॅन बस’ नावाच्या दोन तारांवरून सतत बोलत असतात. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे आणली. ईसीयू सांगतो, ‘मी आत्ता एवढा टॉर्क देतोय.’ टीसीयू त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि त्या हिशेबानं क्लच धरतो. 

आता यात आपण ती मॅजिकवाली डबी लावली, तर? डिझेल गाडीचा बाजारातला ट्यूनिंग बॉक्स बहुतेक वेळा एकच युक्ती करतो. डिझेल ज्या दाबानं कॉमन रेलमध्ये उभं असतं, तो दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत तो मध्येच बसतो आणि ईसीयूला खरा दाब सांगतच नाही, कमी सांगतो. बिचारा ईसीयू दाब वाढवतो. जास्त डिझेल आत जातं, गाडी सुटते, मालक खूश. पण ईसीयूच्या कागदावर सगळं नॉर्मलच आहे! तो टीसीयूला जुनाच टॉर्क कळवतो. टीसीयू जुन्याच ताकदीच्या हिशेबानं क्लच धरतो. प्रत्यक्षात ताकद आलीय जास्त. मग क्लच घसरतो, तापतो आणि एक दिवस वास येतो.

भावाकडे अशीच एक मोठी ऑटोमॅटिक डिझेल गाडी आली होती. मालकानं डबी कुठूनतरी मागवून स्वतः लावलेली. सहा महिने मजा केली आणि मग चढावर आरपीएम वर, गाडी जागेवर! गिअरबॉक्स उघडायचा खर्च ऐकून त्या गृहस्थांनी खुर्ची मागितली म्हणे. ‘ताई, त्या डबीनं इंजिनाला फसवलं आन् भरपाई गिअरबॉक्सनं केली,’ इति आत्तेभाऊ. यापेक्षा सोप्या भाषेत मला अजून कुणी समजावलेलं नाही.

रिमॅप म्हणजे डबीपेक्षा जरा सुशिक्षित प्रकार. त्यात ईसीयूतली फाइलच वाचून, बदलून परत लिहितात. चांगला ट्यूनर टॉर्कचे आकडेही त्याप्रमाणे सुधारतो, गिअरबॉक्सची मर्यादा सांभाळतो. वाईट ट्यूनर दुसऱ्याच गाडीची फाइल चिकटवून मोकळा होतो. आणि फाइल लिहिताना मध्येच व्होल्टेज पडलं, तर ईसीयूची वीट होते. लोडशेडिंगच्या गावात हा विनोद नाही, बरं का! म्हणून जाणकार लोक फ्लॅश करताना गाडीच्या बॅटरीला वेगळा स्थिर सप्लाय लावतात.

शिवाय मिळतं किती, हेही बघा. बाबांच्या गाडीसारख्या टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात सॉफ्टवेअरनं वाढण्यासारखं फारसं नसतंच. हवा जेवढी आत येणार तेवढीच येणार. टर्बो असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथंही एक उदाहरण लक्षात ठेवा. फियाटचं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन आठवतंय? स्विफ्टपासून लिनियापर्यंत सगळ्यांत तेच. कुठं ७५ पीएस, कुठं ९० पीएस. कॅण्टीनमधले पंडित म्हणायचे, फरक फक्त सॉफ्टवेअरचा! साफ चूक. ९० पीएसवाल्यात टर्बोच वेगळा होता, पंखांचा कोन बदलू शकणारा. कंपनीनं वाढीव ताकदीसाठी लोखंड बदललं होतं, नुसता आकडा नाही.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं जी गाडी दिली, तिच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं. नियमात न बसणारा बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला, तर क्लेमचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

‘पण माझी पीयूसी पास झाली!’ असं कुणी म्हणेल. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा बघतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाही. आणि नेमक्या त्याच वायूंवरून फोक्सवॅगनचं सप्टेंबर २०१५ मध्ये जगभर हसं झालं. टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर! जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवायची घोषणा त्याच डिसेंबरात झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पचलं नाही, ते आपल्या गल्लीतल्या डबीला पचेल?

बरं, कायदा सगळ्याच बदलांना नाही म्हणत नाही. सीएनजी किटचंच बघा. तेही इलेक्ट्रॉनिक्सच. किटचा छोटा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरचे सिग्नल मध्येच घेतो आणि गॅसचे इंजेक्टर चालवतो. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो म्हणून ठिणगी थोडी आधी पाडणारी जोडही लावतात. पण ते किट एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून पास झालेलं असतं, आरसी बुकावर त्याची नोंद होते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट होते. बीएस-६ गाड्यांनाही असं किट बसवायला २०२२ मध्ये वाट मोकळी झाली. म्हणजे फरक लॅपटॉपचा नाही. कुणीतरी तपासलंय का, एवढाच आहे.

मग आचक्यांचं काय झालं?

मी भावाला सांगितलं, मॅप नको, पण आचके शोध. त्याला थोडं लागलं. ‘नाही म्हणलं की गिऱ्हाईक नांदेडला जातंय, ताई,’ म्हणाला. खरंय. एका मॅपमध्ये सुटणारे पैसे त्याला दहा ऑइल चेंजमध्ये सुटत नाहीत. शटरचं भाडं आहे, स्कॅनरचा हप्ता आहे, घरी लहान मुलगी आहे. शहाणपणाचं बिल अशा वेळी गॅरेजवाल्यालाच भरावं लागतं, हे आपण गिऱ्हाइकं विसरतो.

पण पोरगं हुशार. दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांची गाडी घेतली. ऑनलाइन मिळणारा हजाराच्या आतला डोंगल बाजूला ठेवला, कारण तो बऱ्याचदा इंजिनाचंच वाचतो, टीसीयूचं नाही. मोठा स्कॅनर लावला. बॅटरी पाच वर्षांची, स्टार्ट मारताना व्होल्टेज नको तितकं खाली. अ‍ॅक्च्युएटर विजेवर जगतात, त्यांना अर्धपोटी ठेवलं तर ते कसं काम करणार? बॅटरी बदलली. टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ केली, अर्थिंगचा सैल नट आवळला, थ्रॉटल बॉडी धुतली. अ‍ॅक्च्युएटरच्या तेलाची पातळी पाहिली. आणि मग स्कॅनरवरून क्लचचं ‘लर्निंग’ केलं, म्हणजे टीसीयूला सांगितलं, बाबा रे, बाइट पॉइंट सरकलाय, पुन्हा ओळख करून घे.

औंढ्यापर्यंत बाबांनीच चालवली. आचके नव्वद टक्के गायब. उरलेल्या दहा टक्क्यांवर भावानं एक फुकटचा उपाय सांगितला. गिअर बदलतोय असं जाणवलं की उजवा पाय किंचित हलका करायचा. ‘म्हंजी फळ्यावर खडू दाबून धरायचा न्हाई, मामा.’ ही उपमा मास्तरांना लगेच पटली. सगळ्या खर्चात मोठा खर्च फक्त बॅटरीचा. एकाही फाइलला हात लावला नाही.

आणि भावाची हौस? ती आता गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये राहते. भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन लोखंडी स्टॅण्डवर ठेवलंय. त्याला स्पीडुइनोचा बोर्ड जोडलाय. रात्री शटर खाली ओढलं की हा आणि त्याचे दोन मित्र ठिणगीची वेळ दोन अंश पुढे-मागे करत बसतात. आवाज कसा बदलतो, प्लग कसा काळा पडतो, एग्झॉस्ट किती तापतो, सगळं वहीत. एकदा चालता चालता इंजिन असं काही ठोकायला लागलं की शेजारी उठून आले. पण स्टॅण्डवरचं इंजिन फार तर बंद पडतं. ते कुणाला धडकत नाही. गंमत म्हणजे, त्या शेडमधल्या अभ्यासामुळेच एएमटीची गुंतागुंतीची कामं आता त्याच्याकडे यायला लागलीत. बोर्डावर त्यानं पेंटरकडून लिहून घेतलंय, ‘स्कॅनिंग व एएमटी लर्निंग करून मिळेल. मॅप मारून मिळणार नाही.’ गिऱ्हाइकं थोडी गेली, थोडी नवी आली. हिशेब अजून पूर्ण जुळलेला नाही, पण जुळेल असं तो म्हणतो.

तुम्हालाही मोह झालाच, तर ट्यूनरला तीन प्रश्न विचारा. माझ्या गाडीची मूळ फाइल जपून ठेवून मला देणार का? माझ्या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा किती आणि तुमचा मॅप तिच्या आत आहे का? आणि जे काय करणार ते बिलावर स्पष्ट लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला, तर चहा पिऊन निघून या.

आणि त्याआधी, प्लीज, एकदा बॅटरी तपासून घ्या. गावाकडे आई-बाबांची एएमटी असेल तर येत्या सुट्टीत तिचीही. गाडी आचके देतेय हे ते तुम्हाला फोनवर सांगणार नाहीत. कारण त्यांना भीती असते, की तुम्ही म्हणाल, ‘आता गाडी चालवणं बंद करा.’